अर्ध्या भाकरीएवढा उजेड

अहो, काल मंडपवाल्यानं तुमचा लाइट वाकडा केला.

जलदान विधी आटोपला, जेवणं झाली, माणसं पांगली. मंडपवाला खुर्च्या गोळा करायला लागला आणि त्यानं खुर्च्यांची थप्पी नेमकी माझ्या सायकलीला टेकवून ठेवली. थप्पी घसरली, सायकल आडवी झाली, आणि हँडलवरचा लाइट फिरून आभाळाकडं तोंड करून बसला. तुम्ही गेल्यापासून मी रडतच होते, पण तो लाइट तसा बघितला आणि मला असा संताप आला म्हणता! त्या माणसाला मी भर अंगणात झाडलं. "एवढ्याशा लाइटापायी कामून एवढं बोलायलाव सिस्टर?" असं म्हणाला बिचारा. शेवटी शेजारच्या कौसाबाईनं मला हाताला धरून आत नेलं. "त्याला काय ठाव त्या लाइटाचं," एवढंच ती म्हणाली. तिला ठाऊक होतं, कारण तुमचं सगळं नाटक तिनं कुंपणापलीकडून बघितलेलं.

काल लोक तुमच्याबद्दल लय चांगलं बोलले. सरांनी पोरांना चित्रकला शिकवली, सरांनी विहाराची भिंत रंगवली, सर कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. (हे शेवटचं ऐकून मला हसू आलं. का आलं ते पुढं सांगते.) पण लाइटाचं कुणी बोललं नाही. म्हणून मी बोलायला बसले आहे, आणि तुमच्याशीच बोलते आहे. आपण आत्मा-बित्मा मानत नाही, गेलेला माणूस ऐकत नसतो, हे तुम्हीच मला कितीदा समजावलंय. ठीक आहे. नका ऐकू. तशी जिवंतपणीही तुम्हाला ऐकायची सवय कमीच होती.

सुरुवात तुम्हीच केलीत. हिवाळ्यात सकाळच्या ड्यूटीला निघायचं तर अंधारातच निघावं लागतं. आपल्या गावाहून राणीसावरगावच्या दवाखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला दिवे नाहीत, खड्डे मात्र भरपूर, आणि त्या वेळेला एसटी नाही. अमोल पुण्याहून फोन करून करून सांगायचा, आई, स्कुटी घे. मी सायकल सोडायला तयार नव्हते. नर्सिंगच्या ट्रेनिंगला असताना शिकलेली माझी ती एक गोष्ट आहे जी कुणाच्या ऑर्डरीवर चालत नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "राहू दे तिची सायकल. मी तिला लाइट आणून देतो." आणि गंगाखेडच्या बाजारातून तो राक्षस घेऊन आलात. हँडलवर बसवला, बटण दाबलं, तर समोरच्या लिंबावरची घरटी दिसायला लागली. "सूर्य आणलाय सूर्य!" असं तुम्ही अंगणभर सांगत फिरलात.

दुसऱ्या दिवशी त्या सूर्यानं कुणाला गाठलं? तुम्हालाच. तुम्ही रोजच्यासारखे दुधाची किटली घेऊन मळ्यातल्या गोठ्यावरून परत येत होता, मी दवाखान्याला निघाले होते. समोरून कुणीतरी येतंय एवढं मला दिसलं. तुम्हाला काहीच दिसलं नाही. एवढा झोत म्हणजे मोटारसायकलच असणार असं समजून तुम्ही रस्ता सोडला आणि सरळ पाटाच्या चिखलात उतरलात. आधीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे. दूध सांडलं, चप्पल रुतली, आणि तुमच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते तुम्ही आयुष्यात वर्गातल्या कुठल्या पोराला उच्चारू दिले नसते. डोळे फोडतो काय, तुझ्या मायला, आणि त्याच्या पुढचं. मी सायकल थांबवली आणि म्हणाले, "अहो, मी आहे."

पाटातली शिवी अर्ध्यातच तुटली. मग तुम्ही म्हणालात, "सुनंदा?"

अजूनही मला त्याचं हसू येतं. रिकामी किटली हातात धरून गुडघाभर चिखलात उभा असलेला माझा नवरा, आणि आवाज असा की जसं काही हेडमास्तरनं पकडलंय. मी तर सायकलवरच बसून हसत सुटले. तुम्ही मात्र हसला नाहीत. संध्याकाळी मी घरी आले तरी तुमचं तोंड तसंच. मला वाटलं दूध सांडल्याचं लागलंय. तर तुम्ही म्हणालात, "माझी बायको माझ्या समोरून चालली होती आणि मी तिला आईवरून शिव्या दिल्या."

"मग काय झालं? कळलं नाही तुम्हाला."

"तेच तर. कळलं पाहिजे ना."

आणि मग तुम्ही जे सुरू केलंत! तुमचं म्हणणं असं की आपल्या रस्त्यावर माणूस माणसाला न बोलता ओलांडत नाही. कुणाला जय भीम घालायचा, कुणाला राम राम, कुणाला सलाम, हे समोरच्याचं तोंड बघून ठरतं. डोळ्यात झोत गेला तर तोंड दिसत नाही, तोंड दिसलं नाही तर माणूस मुका जातो, नाहीतर शिव्या देत जातो. मी म्हणाले, "सगळेच डोळ्यात मारतात. ट्रॅक्टरवाले मारतात, जीपवाले मारतात. मी एकटीनं काय मक्ता घेतलाय?" त्यावर तुम्ही म्हणालात, "त्यांनी पाडलेल्यांना दवाखान्यात टाके कोण घालतं? तूच ना? मग आणखी माणसं तुझ्याच हातानं कशाला पाडतीस?" मी आपली भाजी निवडायला बसले.

पण लाइट बदलायचा म्हणजे कसा, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं बरं का. ड्रॉइंग मास्तर ना तुम्ही. तुमच्या हिशोबानं उजेड म्हणजे रंग. वरचा भाग नको, तर वरच्या भागावर रंग मारा. लाइटाच्या काचेचा वरचा अर्धा भाग तुम्ही काळ्या ऑइलपेंटनं रंगवलात, कड अशी सरळ की पट्टी ठेवून ओढावी. माझ्याकडं बघून म्हणालात, "आता बघ गंमत." कौसाबाईच्या भिंतीवर लाइट मारला. गंमत अशी झाली की उजेड होता तिथंच आणि होता तेवढाच पडला, फक्त मिणमिणता झाला. वरचंही दिसतंय, खालचंही दिसतंय, आणि धड काहीच दिसत नाही. तुम्ही काचेवर हात फिरवला, आत डोकावलात, परत भिंतीवर मारलात. "अर्धा झाकला तरी पुरा पडायलाय!" असं म्हणालात आणि इतके खट्टू झालात की मी तुम्हाला चहा करून दिला. उजेड रंगासारखा वागत नाही याचा तुम्हाला खरंच राग आला होता.

मग लाइट खाली वाकवून बघायची टूम निघाली. संध्याकाळी दिवस बुडाला की मी सायकल धरून फाटकात उभी, आणि तुम्ही गल्लीच्या टोकाला, लिंबाखाली. तिथून माझ्याकडं चालत यायचं. "मी मोटारसायकलवाला!" असं ओरडून यायचं. डोळ्यावर हात. "लागतोय! खाली घे!" मी खाली घ्यायची. परत लिंबाखाली. "आता मी शाळेतलं पोरगं!" म्हणून गुडघ्यात वाकून यायचं. "लागतोय!" मी आणखी खाली घेतला तर उजेड माझ्याच पुढच्या चाकावर. मग एक दिवस तुम्ही पार ओणवे झालात. मी विचारलं, "हे काय आता?"

"बैल. उसाच्या गाड्या सुरू व्हायल्यात. बैल बुजला तर गाडीवाला गाडीखाली जाईल."

कौसाबाई कुंपणावरून बघत होती. "काय झालं वं बाई सरास्नी?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, बैल झालेत." ती बाई हसून हसून खाली बसली. तुम्ही मात्र ओणव्यानंच पुढं येत विचारत होता, "बैलाचे डोळे एवढ्या उंचीवर असतेत का गं?" त्या दिवशी मला तुमचा केवढा लळा लागला, हे मी तुम्हाला बोलले नाही. इतकी वर्षं संसार करून परत नव्यानं लळा लागला असं कसं सांगायचं? त्यापेक्षा "उठा आता, कंबर धरेल" म्हणणं सोपं पडलं.

ओणवे होऊनच तुम्हाला कळलं की नुसता वाकवून भागत नाही. उजेडच मुळात असा पाहिजे की तो वर जाणारच नाही. तिथून तुम्ही दुकानदारांच्या मागं लागलात. फोनवरची तुमची बोलणी मला तोंडपाठ झाली होती. पलीकडून तो सांगायचा, "सर, लय पॉवरफुल हाय." तुम्ही म्हणायचात, "पॉवर न्हाई विचारली मी. उजेड वरून कापलेला हाय का?" मग फोन बंद. शेवटी तुम्ही डबा घेऊन एसटीनं परभणीला गेलात आणि भर दुपारी एका सायकलवाल्याला त्याच्याच दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायला लावलंत, भिंतीवर उजेडाचा आकार बघायचा म्हणून. त्यानं एकेक लाइट काढायचा आणि तुम्ही मान हलवायची. त्याला वाटलं असेल की म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. पण मग कुठल्याशा खोक्यातला एक, कुणी घेत नाही म्हणून मागं पडलेला, त्यानं लावून दाखवला. तुम्ही घरी आलात ते लग्न ठरवून आल्यासारखे.

कौसाबाईच्या भिंतीवर तुम्ही खडूनं आडवी रेघ ओढलीत, लाइटाच्या उंचीपेक्षा थोडी खाली. बटण दाबलंत. भिंतीवर अर्धी भाकरी उमटली. वरची कड सरळ, कुणी भाकरी मधोमध मोडावी तशी, आणि सगळा उजेड तिच्या खाली. रेघेच्या वर अंधार. तुम्ही लिंबाखाली जाऊन मोटारसायकलवाला झालात, पोरगं झालात, बैल झालात, आणि एकदाही डोळ्यावर हात घेतला नाहीत. मिणमिणता होता म्हणाल तर तसंही नाही. रस्ता दूरवर लख्ख, एकेक खडा दिसतोय. "उजेड कमी नकोय, सुनंदा," तुम्ही म्हणालात. "तो जाग्यावर पाहिजे." मग तुम्ही तुमचा सगळ्यात बारीक ब्रश काढलात आणि हँडलवर आणि लाइटाच्या पट्ट्यावर, समोरासमोर, पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा मारल्यात. खड्ड्यानं लाइट हलला तरी रेघेला रेघ जुळवली की झालं.

त्यानंतरच्या सकाळी मला फार आवडायच्या. तुम्ही किटली घेऊन येणार, मी निघालेली, आणि पाटाजवळ आपली गाठ पडणार. तुम्ही मुद्दाम परक्या माणसासारखे रस्त्याच्या कडेनं यायचात आणि मोठ्यांदा म्हणायचात, "जय भीम, सिस्टर!" मीही म्हणायची, "जय भीम, सर! दूध सांभाळा!" बस. थांबायचं नाही, बोलायचं नाही. घरातून निघताना चहावरून भांडलेलो असलो तरी पाटाजवळ जय भीम व्हायचाच.

पण माझी एक तक्रार होती आणि ती तुम्ही मिटवली नाहीत. त्या लाइटात मला तुमच्या चपला दिसायच्या. किटली दिसायची. पायजम्याच्या घोळाला लागलेला चिखल दिसायचा. वरती काही नाही, नुसता अंधार. मी म्हणाले, "रस्त्यावर पडलेल्या उजेडात समोरच्याला मी दिसते, पण मला समोरचा कुठं दिसतो? तुमचं तोंड दिसत नाही मला. मग माझ्या जय भीमचं काय?" तुम्ही म्हणालात, "मला तुझं दिसतं की." मी म्हणाले, "हे काही उत्तर नाही झालं." तुम्ही डोकं खाजवलंत. "खरंय. बघू. सांगतो तुला विचार करून."

सांगतो म्हणालात आणि गेलात. दुपारचं जेवण झालं, खुर्चीत पेपर घेऊन बसलात आणि तसेच राहिलात. मी ड्यूटीवर. आयुष्यभर दुसऱ्यांची छाती दाबून त्यांना परत आणायची खटपट केली, आणि स्वतःच्या घरात नेमकी मी नव्हते. यावर मी इथं जास्त बोलणार नाही. ते माझं मी बघून घेईन.

आता खरी गोष्ट सांगते. काल सगळे गेल्यावर अमोल म्हणाला, "आई, आता सायकल बास. बाबा होते तोवर ठीक होतं. अंधारात एकटी जाणार, वाटेत बघायला कुणी नाही." पोरगं वाईट नाही हो. त्याचाही बाप गेलाय. आणि खरं सांगू? मी त्याला नाही म्हणू शकले नाही. अंधाराला मी भीत नाही. पण पाट येणार, आणि पाटाजवळ कुणीच नसणार, याचं मला भय वाटत होतं. सायकल सोडून द्यावी, बदली मागावी, पुण्याला जावं, असं सगळं मनात येऊन गेलं. सायकल देऊन टाकायची म्हणूनच मी बाहेर जाऊन तिच्याकडं बघितलं असेल. तर लाइट अजून आभाळाकडंच.

तसा कसा देणार कुणाला? म्हणून पाना आणला, पट्टा ढिला केला आणि रेघेला रेघ जुळवली. दिवस बुडालाच होता. कौसाबाईच्या भिंतीवर तुमची खडूची रेघ अजून आहे, पुसट झालीये. बटण दाबलं. अर्धी भाकरी उमटली, पण रेघेखाली बसलीये की नाही हे माझ्या डोळ्यांना काही नीट दिसेना, पाणीच थांबत नव्हतं. तेवढ्यात कौसाबाई फाटकातून बाहेर आली, पदर खोचला आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिली. तिथून ओरडली, "मी मोटारसायकलवाली हाय बगा! येऊ का?"

आली चालत. "न्हाई लागत डोळ्याला!" मग परत गेली आणि वाकून आली. "पोरगं हाय. न्हाई लागत!" मी म्हणाले, "बैल राहू द्या, कौसाबाई." ती म्हणाली, "मंग काय, बैल सरच व्हायचे." आणि मग आम्ही दोघी तिथं रस्त्यात गळ्यात पडून रडलो आणि मधेच हसलो. अमोल दारात उभा राहून बघत होता. रात्री त्यानं माझा लाइट चार्जिंगला लावला.

आज सकाळी मी निघाले. अमोल फाटकापर्यंत आला, पोचल्यावर फोन कर म्हणाला. रस्ता तसाच होता. खडा न् खडा दिसत होता. पाट जवळ यायला लागला तशी माझी सायकल मंदावली. उतरावं आणि परत फिरावं असं वाटलं. तेवढ्यात समोरून घुंगरं ऐकू आली. उसाची गाडी. माझ्या उजेडात आधी बैलांचे खूर आले, मग गाडीची चाकं. बैल बुजले नाहीत. शांत चालत राहिले, अगदी माझ्या शेजारून. आणि वर अंधारातून आवाज आला, "जय भीम, सिस्टर. सरांचं कळलं. लय वाईट झालं."

कोण होतं, मला दिसलं नाही. आवाज ओळखीचा नव्हता. ऊसतोडीच्या टोळीतला कुणी असेल, दवाखान्यात कधी पट्टी बांधून घेतलेला असेल. त्यानं मला बघितलं, कोण आहे ते ओळखलं, कुणाला काय घालायचं ते ठरवलं आणि हाक दिली. मी म्हणाले, "जय भीम, दादा." गाडी गेली, आणि पाट मागं पडलेला मला कळलाही नाही.

तर तुमचं राहिलेलं उत्तर मला मिळालं. समोरच्याचं तोंड मला दिसायची गरजच नाही. त्याला मी दिसले की तो बोलतो. एवढंच होतं ना? एवढं सांगायला काय जात होतं तुमचं?

लाइट छान आहे, हे मी तुम्हाला एकदाही म्हणाले नव्हते. छान आहे. लय छान आहे. माझ्यासाठी तुम्ही चिखलात उतरलात, बैल झालात, भर दुपारी दुकानाचं शटर ओढायला लावलंत. मला अजून पुष्कळ वर्षं सायकल चालवायची आहे आणि मी ती चालवणार.

आत्मा नसतो, कबूल. पण उद्या सकाळी परत तिथून जायचं आहे. रेघेला रेघ जुळवून ठेवली आहे, तुमच्या डोळ्यात काही जाणार नाही. तुम्ही मला दिसणार नाही हे मला माहीत आहे. तसेही त्या लाइटात तुम्ही कधी दिसला नाहीत. मी दिसले, तर हाक मारा.